व्होल्टेजची बारी

आमच्या घरात खोटं बोलणं हे पाप समजलं जायचं, आणि शेतातल्या मोटारी सोडल्या तर बाकी सगळ्या बाबतीत हा नियम पाळलाही जायचा. मिरजगावातून बाहेर पडलेला हमरस्ता सोडून बाभळींच्या कडेकडेनं कच्च्या वाटेनं आत आलं की आमची वस्ती. मोजकी घरं, त्यांच्या मधोमध पत्र्याचं खंडोबाचं देऊळ, देवळापुढे पार, पाराला लागून आमचं घर आणि घराच्या पाठीमागे डीपी. डीपी म्हणजे सगळ्या वस्तीला आणि सगळ्या रानांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. देवळापेक्षा लोकांचं लक्ष डीपीकडे जास्त असायचं, हे मी आता सांगते. तेव्हा सांगितलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. वडिलांना सगळे तात्या म्हणत, आम्हीही. तात्या पाणीवाटप कमिटीचे अध्यक्ष होते. कालव्याला आवर्तन सुटलं की कुणाच्या रानात पाणी कधी शिरणार आणि कधी वळणार हे तात्या ठरवत, आणि एकमेकांच्या बांधावर पाय न ठेवणारे भाऊबंदसुद्धा तात्यांनी दिलेली बारी मुकाट्यानं घेत. बारीच्या बाबतीत तात्यांचा कायदा साधा होता. आपली बारी आली की माणसानं रान सोडायचं नाही, मग घरी पाहुणे येवोत नाहीतर आभाळ कोसळो. आणि दुसऱ्याच्या बारीत हात घालायचा नाही. हे ते इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यांदा सांगत की मला ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

संगणक आमच्याकडे आला तो संदीपदादामुळे. हा माझा आतेभाऊ पुण्यात ‘सॉफ्टवेअरमध्ये’ होता. नेमका कशात, हे वस्तीवर कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. त्यानं स्वतःला नवा संगणक घेतला आणि जुना ‘मनीला अभ्यासाला होईल’ म्हणून टेम्पोत घालून धाडून दिला. मनी म्हणजे मी, मनीषा. टेम्पोतून खोकी उतरली तेव्हा आईनं नव्या सुनेवरून टाकावा तसा त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मधल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीला लागून त्याची प्रतिष्ठापना केली. जुन्या साडीचं झालर लावलेलं पांघरूण शिवलं. चालू असताना तरी ते काढावं लागतं, हे तिला पटवायला मला फार बोलावं लागलं. ‘धूळ काय चालू-बंद बघून बसती व्हय?’ हा तिचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर होता. अभ्यासासाठी आलेल्या त्या संगणकाच्या पोटात एक ग्राफिक्स कार्ड होतं, म्हणजे पडद्यावरची चित्रं भराभर रंगवणारा वेगळा भाग, आणि संदीपदादा पुसून टाकायला विसरलेला एक गेम होता. दोन्ही बाजूंना पाच-पाच गडी, हातात बंदुका, आणि पडक्या गोदामात एकमेकांचा शोध. दिवाळीत संदीपदादा आला तेव्हा त्यानं मला गंमत म्हणून खेळायला बसवलं आणि मी त्याला इतक्यांदा मारलं की तो ‘भूक लागली’ म्हणून उठून गेला. लहानपणापासून दगडानं कैऱ्या पाडलेल्या पोरीचा नेम पुण्यात शिकवत नाहीत.

टेलिफोनचे खांब तात्यांच्या खटपटीनं वस्तीपर्यंत आलेले होते, त्यामुळे फोनच्या तारेतून इंटरनेटही आलं. त्यातून मला माझी टोळी सापडली. साताऱ्याचा ओंकार हा कप्तान. बाकीची पोरं कुणी जळगावचं, कुणी सोलापूरचं. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, नुसते कानातल्या हेडफोनमधले आवाज. ते मला ताई म्हणत. माझं काम मागची बाजू राखायचं. वस्तीवर मी तात्यांची पोरगी होते, आणि अकरावीची परीक्षा झाल्यापासून बायका माझ्याकडे ‘औंदा न्हाईतर पुढच्या साली’ अशा नजरेनं बघायला लागल्या होत्या. इकडे मात्र ओंकार ओरडायचा, ‘मागं ताई आहे, बिनधास्त पुढं चला!’ माझ्या भरवशावर कुणीतरी बिनधास्त पुढे जावं, असं मला आयुष्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी भांडी घासायचे, गोठा झाडायचे, शेंगोळ्याचं पीठ मळायचे आणि दुपारी आई लवंडली की हेडफोन कानाला लावायचे. आज माझी मुलगी खेळायला बसते तेव्हा मी मागून सरबताचा पेला ठेवते आणि तिच्या मैत्रिणी मला ‘कूल आई’ म्हणतात. त्यांना काय माहीत, मला नुसता खेळाचा आवाज ऐकायचा असतो.

त्या उन्हाळ्यात संगणकाला झटके यायला लागले. गेम ऐन रंगात यायचा आणि पडदा काळाठिक्कर पडायचा. थोड्या वेळानं उजेड परत यायचा आणि कोपऱ्यात इंग्रजीत पाटी झळकायची की ग्राफिक्स ड्रायव्हरनं काम थांबवलं होतं, आता तो सावरला आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कामाला लावणारा प्रोग्राम. ‘काय म्हनतंय ते?’ आईनं विचारलं. मी अर्थ सांगितला तर म्हणाली, ‘बरं हाय की. चुकलं तर चुकलं म्हनतंय. आपल्यात हाय का कोन असं?’ तिचं कौतुक होईपर्यंत इकडे माझा गडी मरून पडलेला असायचा, नाहीतर मला खेळातून बाहेर फेकलेलं असायचं. आधी पोरांनी समजून घेतलं. मग हसायला लागली. हरायला लागलं की ताईची लाईट जाते, असं सोलापूरचा पोरगा म्हणाला आणि सगळे खिदळले. मी पळपुटी आहे असं त्यांना वाटत होतं. मला ते इतकं लागलं की मी कोठीमागे जाऊन रडले. मग ओंकारनं सरळच सांगितलं: येत्या रविवारी दुपारी कोल्हापूरच्या टोळीशी आपला मोठा सामना, ‘त्यात पडलीस तर ताई, राग मानू नको, पण मला दुसरा गडी घ्यावा लागेल.’ राग कसला मानणार? मीही तेच केलं असतं.

संदीपदादाला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न: ‘बंद करून चालू केलास का?’ केला. ‘मग ड्रायव्हर काढून टाक आणि नवा टाक.’ नवा उतरवून घ्यायला आख्खा दिवस गेला, कारण आमच्या तारेतून इंटरनेट ठिबकसारखं यायचं. नव्यानं आणखी लवकर पडायला लागलं. ‘मग जुना टाक.’ जुना टाकला. ‘मधला टाक.’ मधलाही टाकला. चित्रांचा दर्जा इतका खाली आणला की गोदामाच्या भिंती शेणानं सारवलेल्या दिसायला लागल्या आणि शत्रू कोणता आणि खांब कोणता कळेना. तरी पडायचं ते पडायचंच. मग तो म्हणाला धूळ असेल. मी कार्ड उपसून, ओढणीत गुंडाळून मिरजगावात हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेलं आणि ट्रकच्या टायरात हवा भरायच्या नळीनं त्याला झोडपून काढलं. त्यातून निघालेली धूळ बघून पंक्चरवाल्यानं तोंडाला रुमाल बांधला. घरी येऊन कार्डाचे पितळी दात खोडरबरानं घासले, संगणकाचा डबा उघडा ठेवून शेजारी टेबलफॅन लावला. आता सगळं घर उकाड्यात आणि वारा फक्त संगणकाला. आईनं कुरडयांचा चीक हलवता हलवता घाम पुसला आणि जाहीर केलं की यंत्र लाडावलेलं आहे. एकदा डीपीची उडालेली फ्यूजची दांडी बसवायला आलेल्या वायरमनलाही मी विचारलं की व्होल्टेज कमी तर होत नाही ना? त्यानं चहा बशीत ओतला आणि शेतांकडे न बघण्याची पुरेपूर काळजी घेत म्हणाला, ‘दुपारी सिंगल फेज असतंय, पोरी. त्याच्यावर मोटारी चालतच न्हाईत. मग व्होल्टेज कमी हुईलच कसं?’

हे समजायला आमच्याकडचा एक रिवाज सांगावा लागेल. रानातल्या मोटारी थ्री फेजवर चालतात. थ्री फेज ठरलेल्या वेळातच मिळायची. उरलेल्या वेळात वस्त्यांवर दिवाबत्तीपुरतं सिंगल फेज असायचं. पण मोटारीला कंडेन्सरचा डबा जोडला की ती सिंगल फेजवरही फिरते, फक्त सगळ्यांच्या वाटणीची वीज ओढून घेते. आदल्या साली सगळ्यांनीच असे डबे जोडले आणि डीपी धडाम् करून जळली. नवी मिळेपर्यंत वस्ती अंधारात, रानं कोरडी. ती आली तेव्हा ट्रॅक्टरवरून हार घालून वाजतगाजत आणली आणि तात्यांनी सगळ्या कर्त्या पुरुषांना देवळात नेऊन बेलभंडार उचलायला लावला. खंडोबाचा बेल आणि हळद हातात घेऊन शपथ: सिंगल फेजवर मी मोटार चालू करणार नाही. त्या दिवशी तात्यांचं भाषण ऐकून म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा वस्तीवर कंडेन्सरचा संशय घेणं म्हणजे खंडोबावरच संशय घेणं. माझ्या डोक्यात तो आलाही नसता.

संशय आला तो शेंगदाण्याच्या चटणीमुळे. आई मिक्सर लावून बसली होती आणि मी खेळत होते. तात्या दुपारची झोप काढून उठले, टोपी घातली आणि रोजच्यासारखे ‘जरा रानात चक्कर टाकून येतो’ म्हणून गेले. थोड्याच वेळात मिक्सरचा आवाज रडका झाला, पंखा मंदावला, संगणकाच्या खालचा स्टॅबिलायझर टकटक करायला लागला आणि पडदा काळा. दुसऱ्या दिवशीही तसंच. टोपी, चक्कर, टकटक, काळा पडदा. तिसऱ्या दिवशी मी ताकाची चरवी घेऊन तात्यांच्या मागोमाग रानात गेले. आमच्या डाळिंबाला तेव्हा बहार धरलेला होता, फळं सुपारीएवढी झालेली. मोटारीच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं तर तात्यांनी बारदानाखालचा डबा उघडा केला, तारा जोडल्या, मग उजवा हात पाठीमागे घट्ट धरला आणि डाव्या हातानं स्टार्टर दाबला. मोटार कण्हत कण्हत फिरायला लागली. मला आधी कळेचना, हा हात मागे का बांधलाय. मग लख्ख उजेड पडला. बेलभंडार उजव्या हातानं उचलला होता.

मी तशीच उभी होते. तात्यांनी वळून पाहिलं आणि माझ्या हातातली चरवी बघून म्हणाले, ‘ताक आनलं व्हय? बरं केलं.’ ते ताक मात्र त्यांनी उजव्या हातानं प्यायलं. परत येताना मी बांधाबांधानं कान देत आले. आमच्या बांधाला लागून असलेल्या बबननानांच्या विहिरीवर मोटार चालू होती आणि स्टार्टरपाशी त्यांच्या घरच्या काकू उभ्या होत्या. शपथ कर्त्या पुरुषांनी घेतलेली, बायकांनी कुठे घेतली होती? पलीकडे एकानं सालगड्याला बसवलं होतं. माझ्या ग्राफिक्स कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. आख्खी वस्ती देवाला फसवत होती आणि त्याचा पहिला पत्ता त्या बिचाऱ्याला लागत होता.

रात्रीच्या जेवणाला पिठलं-भाकरी होती. मी ताट पुढे ओढलं आणि सांगून टाकलं, ‘तात्या, तुमची मोटार सुरू झाली की माझं बंद पडतंय.’

‘कुठली मोटार?’

‘सिंगल फेजवरची.’

तात्यांचा घास हातात राहिला. ‘सिंगल फेजवर आपली मोटार चालत न्हाई.’

‘मी पाहिली.’

‘काय पाहिलं?’ त्यांचा आवाज चढला. ‘ह्या हातानं मी बेलभंडार उचललाय!’ आणि पिठल्यानं माखलेला उजवा हात त्यांनी वर धरला. मी डाव्या हाताकडे पाहिलं. त्यांनी तो मांडीखाली घेतला.

मला बोलायचं होतं ते मी बोलले. रविवारी दुपारी माझा सामना आहे, मध्येच पडलं तर मला काढून टाकणार आहेत, लोक मला पळपुटी म्हणतात. मला फक्त त्या दुपारपुरती बारी द्या, पाण्याची देता तशी. तात्या म्हणाले, ‘जी मोटार चालतच न्हाई ती मी बंद कशी करू?’ तोपर्यंत चुलीपाशी गप्प बसलेली आई भाकरी थापता थापता बोलली, ‘अहो, मग न चालनारी मोटार येक दुपार नका चालवू. तुमचं कुठं काय बिघडतंय?’

दुसऱ्या दिवशी तात्या दुपारभर पारावर बसून राहिले, आणि तरीही माझा पडदा काळा झालाच. बबननाना होते, बाकीचे होते. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. मला रडायचं नव्हतं पण रडू आलं. तात्यांनी लांबून पाहिलं. पोरगी खेळण्यासाठी रडते याचा त्यांना राग यायला हवा होता, पण त्यांनी विचारलं वेगळंच. ‘ती पोरं तुला काय म्हनत्यात म्हनाली?’

‘पळपुटी.’

तात्यांचा चेहरा उतरला. बारी सोडून पळालेल्या माणसाला ते जो शब्द वापरत, तो नेमका हाच होता.

शनिवारी दिवेलागणीला त्यांनी पारावर कमिटी बोलावली. मी खिडकीत बसून ऐकत होते. तात्या म्हणाले, ‘उद्या दुपारी सिंगल फेजवर कुनीबी मोटार चालू करायची न्हाई.’ सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बबननाना म्हणाले, ‘तात्या, आमच्या मोटारी सिंगल फेजवर चालत्यात असं म्हनायचंय का तुमाला?’ तात्या म्हणाले, ‘म्या कुठं असं म्हनलं?’ ‘मग झालं तर. आमची चालतच न्हाई.’ ‘आमची बी न्हाई.’ ‘आमी तर कंडेन्सर कसला असतो ते बी पाहिलं न्हाई,’ असं एक जण म्हणाला, ज्याच्या खिशातून टेस्टर डोकावत होता. तेव्हा जी गोष्ट कुणी करत नव्हतं ती न करण्याचा ठराव एकमतानं, टाळ्या वाजवून मंजूर झाला. पुढे शहरात मी पुष्कळ बैठकांना बसले. मोठमोठ्या साहेबांनी असे ठराव करताना पाहिले. पण इतकी सफाई कुठे पाहिली नाही.

रविवारी तात्या जेवून माझ्यामागे खाटेवर येऊन बसले. आजवर ते त्या खोलीत फक्त ज्वारी काढायला यायचे. आई कोठीला टेकून पापड लाटत होती. सामना सुरू झाला आणि व्होल्टेज असं काही भरून आलं की पंखा गरगरायला लागला. मी खेळत होते, मागची बाजू एकटीनं राखत होते, ओंकार ‘शाब्बास ताई’ म्हणून ओरडत होता. तात्यांनी आईला हळूच विचारलं, ‘आपली कोंची?’ आईनं पोळपाटावरून लाटणं उचलून पडद्यावरची मी दाखवली. आणि तेवढ्यात स्टॅबिलायझर टकटकला.

काय झालं असेल ते मला ताबडतोब कळलं, आणि तात्यांनाही. ठराव झालेला, म्हणजे आज बाकीचे सगळे बंद ठेवणार, म्हणजे आज व्होल्टेज फुल, म्हणजे मोटार चालू करायला याच्यासारखा मुहूर्त नाही! हा हिशेब वस्तीतल्या प्रत्येक घरानं स्वतंत्रपणे, मनातल्या मनात, अगदी एकसारखा केला होता. पंखा मंदावत गेला. पडदा काळा झाला, परत आला, कोपऱ्यात ती पाटी झळकली. माझा गडी मेला होता. ‘ताई गेली परत,’ कानात कुणीतरी म्हणालं. नवा डाव सुरू व्हायला थोडा वेळ होता. मी मागे वळून म्हणाले, ‘तात्या, सगळ्यांनी चालू केल्या.’

तात्या उठले. टोपी घातली नाही, तसेच बोडक्यानं बाहेर पडले. मला वाटलं, रानोरान हिंडून ओरडत सुटतील. पण ते देवळात शिरले. देवळावर बॅटरीवर चालणारा भोंगा होता, सप्त्याला आणि कुणाचं जनावर हरवलं तर वापरायचा. तो खरखरला आणि तात्यांचा आवाज आला.

‘ऐका. मी बोलतोय. बेलभंडार उचलल्यापासून मी रोज सिंगल फेजवर मोटार चालवली. डाव्या हातानं चालवली. मला वाटलं, देवाला कळनार न्हाई. आज ती बंद हाय, इथून पुढं बंदच राहील. मी कुनाचं नाव घेत न्हाई. पन माझ्या पोरीची आज बारी हाय. तिच्या बारीत हात घालू नका. येवढंच सांगायचं हुतं.’

भोंगा खट् करून बंद झाला. कानात ओंकारचा आवाज आला, ‘ताई, मागं कोण बोलतंय?’ मी म्हणाले, ‘माझे वडील.’ मला खुर्चीतून उठून देवळाकडे धावायचं होतं. सगळ्या वस्तीसमोर तात्या एकटे उभे होते आणि मी इथे खोट्या बंदुका उडवत होते, हे मला सोसवेना. मी अर्धी उठलेही होते. आईनं पिठाच्या हातानं माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. ‘बस. त्यांनी कशापायी नाक कापून घेतलंय मग? बारी तुझी हाय.’ तिचे डोळे भरले होते. मी बसले. पंखा एकदम नाही, पण जरा जरा करत उचलत गेला. दूरच्या रानातलं कण्हणं एक-एक करून थांबत गेलं. शेवटी फक्त पंख्याचा आणि लाटण्याचा आवाज राहिला, आणि मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळले.

तात्यांना याची किंमत पडली. संध्याकाळी बबननाना अंगणात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘तात्या, तुमी सगळ्यांला उघडं पाडलं.’ तात्या म्हणाले, ‘मी कुनाचं नाव घेतलं का?’ ‘न्हाई घेतलं म्हनूनच तर सगळ्यांला लागलं!’ बेलभंडार मोडणारा माणूस अध्यक्षपदी नको, असं पुढच्या बैठकीत सगळ्यांचं मत पडलं आणि नवे अध्यक्ष म्हणून बबननाना निवडून आले. त्यांनी लगेच सिंगल फेजवर मोटारी न चालवण्याबद्दल सुरेख भाषण केलं. महिन्याभरात दुपारचं कण्हणं परत सुरू झालं, पण आमच्या विहिरीवरून नाही. तात्यांनी कंडेन्सरचा डबा काढून ठेवला तो कायमचा. थ्री फेजच्या वेळात जेवढं पाणी निघे तेवढंच. त्या उन्हाळ्यात आमच्या डाळिंबाची बरीचशी फळं गळून गेली. आम्ही ती पाटीनं उचलून बांधावर टाकली. गेमचं नाव त्या वेळी कुणी काढलं नाही, आणि मी दुपारी खेळायला बसले की तात्या पारावर जाऊन बसत आणि वस्तीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे असं बघत की दोन-चार स्टार्टर तरी आपोआप लांबणीवर पडत.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी बबननाना तणतणत निघून गेल्यावर तात्या हातपाय धुऊन आत आले आणि ताटावर बसले. आईनं शेंगोळं केलं होतं. मी पाण्याचा तांब्या ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘जितली का?’

‘न्हाई, तात्या. थोडक्यात हरलो.’

त्यांनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. ‘मधी बंद पडलं व्हय परत?’

‘न्हाई. शेवटपर्यंत चाललं. शेवटी येकटी मीच उरले हुते आमच्यातली.’

‘मग ती पोरं तुला पळाली म्हनली न्हाईत ना?’

‘न्हाई, तात्या. पुढच्या रविवारी ये म्हनलेत.’

‘मग झालं तर,’ तात्या म्हणाले, आणि ताट आईपुढे सरकवलं. ‘वाढ गं अजून.’